एक ठिणगी आणि ते पंधरा सेकंद

खुर्चीवरून उठलो की मॉनिटर दोन सेकंद काळा व्हायचा. हे साधारण महिनाभर चालू होतं आणि मी बिचाऱ्या केबलला शिव्या देत होतो. केबल बदलून झाली, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर काढून परत टाकून झाला, मॉनिटरच्या सेटिंगमध्ये जे जे दिसलं ते बंद करून झालं, तरी उठलं की काळा, बसलं की कधीकधी काळा, आणि नुसतं बसून राहिलं तर दिवसभर काही नाही. आता कळतंय की मशीन मला महिनाभर सांगत होतं. ज्या खुर्च्या गॅसच्या नळकांड्यावर वरखाली होतात त्यांच्यात उठता-बसताना स्टॅटिक डिस्चार्ज होतो (म्हणजे घासून साचलेला चार्ज एकदम उतरतो), त्याच्या लहरी जवळच्या एचडीएमआय नाहीतर डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये शिरतात आणि मॉनिटर सिग्नल हरवून परत पकडतो. हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेक सगळे आधी केबलच बदलतात. मी पण.

तर त्या दिवशी असं झालं की हवा एकदम कोरडी, खोलीत हीटर चालू, अंगात लोकरी स्वेटर, पायाखाली सतरंजी, म्हणजे स्थितिक विद्युतचा धडा शिकवायला जे जे सामान लागतं ते सगळं मी स्वतःच जमवून बसलेलो. पाणी प्यायला उठलो, परत आलो, टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलला आणि कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीत घालायला गेलो. अजून आत गेला पण नव्हता तर टक् करून आवाज, बोटाला चटका, आणि पेनड्राइव्हच्या पत्र्यापासून पोर्टपर्यंत एक निळसर ठिणगी. डोळ्यांनी बघितली मी. मशीन बंद. पंखे बंद, लाइट बंद, बटण दाबलं तर काहीच नाही.

ठिणगी साधारण तीन मिलिमीटरची असेल. हवेतून ठिणगी उडायला मिलिमीटरला ढोबळमानाने ३००० व्होल्ट लागतात, म्हणजे माझ्या अंगावर त्या क्षणी नऊ-दहा हजार व्होल्ट तरी होते. आकडा ऐकून घाबरायला होतं पण त्यात जीव फार नसतो. चिपा तपासणारे लोक माणूस म्हणजे १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला जोडलेला १५०० ओहमचा रेझिस्टर असं धरून चालतात, त्या हिशोबाने १०,००० व्होल्टला सगळी मिळून ५ मिलिज्यूल एनर्जी होते, आणि करंट सहा-सात अँपिअरपर्यंत चढतो पण मायक्रोसेकंदाच्याही आत उतरून जातो. आपल्याला नुसता चटका. पण चिपच्या आतल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखाली जो ऑक्साइडचा थर असतो तो असतो काही नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटरला साधारण एक व्होल्टच्या वर गेलं की तो फुटतो. आणि एक गोष्ट लोकांना सांगितली तर पटत नाही: आपल्याला चटका जाणवायलाच ३००० व्होल्टच्या आसपास लागतात. त्याच्या खाली कितीतरी वेळा आपण चिपांना झटके देत असतो आणि आपल्याला पत्ता पण नसतो. म्हणून "मला तर काही शॉक बसला नाही, मग स्टॅटिक कसलं" हे जे लोक म्हणतात ना, त्याला काही अर्थ नाही.

असो. पीसी मेलेला. माझ्या डोक्यात एकच, मदरबोर्ड गेला.

पहिली गोष्ट मात्र मी नशिबाने बरोबर केली. प्लग पूर्ण काढला, मागचा स्विच बंद केला, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरलं. लोक याला जादूटोणा समजतात पण यामागे खरं कारण आहे. पीसी "बंद" असला तरी एसएमपीएसमधून (म्हणजे पीसीला वीज पुरवणारा तो डबा) पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डाला चालूच असते, आणि स्टॅटिकचा झटका बसल्यावर कधीकधी चिप फुटत नाही तर अडकते, म्हणजे तिच्या आतल्या रचनेतूनच सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक चोरवाट उघडते आणि सप्लाय असेपर्यंत ती उघडीच राहते. लॅचअप म्हणतात त्याला. सप्लाय पूर्ण गेला की ती वाट मिटते. शिवाय एसएमपीएसला कुठे शॉर्ट दिसला की तो स्वतःला कुलूप लावून बसतो, ते कुलूपही प्लग काढल्यावरच निघतं. नुसतं पुढचं बटण बंद-चालू करून यातलं काही होत नाही. लॅपटॉपचं पण तेच, चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर ती काढून, बटण दाबून धरायचं, आणि "मेलेले" लॅपटॉप यावर उठून बसलेले मी बघितलेत.

पाच मिनिटं थांबून प्लग लावला, बटण दाबलं, आणि पंखे फिरले. मी जवळजवळ ओरडलोच. मॉनिटरने अजून डोळे उघडले नव्हते तेवढ्यात परत सगळं बंद. परत दाबलं, परत चालू, परत बंद.

इथपासून पुढचे दोन तास मी जे केलं ते लिहायला लाज वाटते पण लिहितो, कारण खरं नुकसान बहुतेक या दोन तासांत झालं.

मी कॅबिनेट आडवं पाडलं, सतरंजीवर, त्याच स्वेटरमध्ये, गुडघ्यावर बसून. कुठेतरी वाचलेलं होतं की कमीत कमी सामानावर चालवून बघावं, तर मी आधी ग्राफिक कार्ड काढलं. आता माझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नाहीये, म्हणजे कार्ड काढल्यावर स्क्रीनवर काहीही दिसणं शक्यच नव्हतं, हे मला माहीत होतं, पण त्या वेळी डोकं चालत नव्हतं. बोर्डावर चार छोटे दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे, त्यातला व्हीजीएचा लागला आणि मी म्हटलं बघा, ग्राफिक कार्ड गेलं! अरे बाबा कार्ड तू स्वतःच काढून बाजूला ठेवलंयस, दिवा दुसरं काय सांगणार. पण नाही, मी अर्धा तास त्या कार्डाच्या दुःखात.

मग रॅम. दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी पायांना फुंकर मारली, खोडरबराने घासल्या (हे तर कळसच, खोडरबर घासणं म्हणजे परत चार्ज तयार करणं), एक लावून बघितली, दुसरी लावून बघितली, जागा बदलून बघितल्या. प्रत्येक वेळी चालू आणि थोड्या वेळाने बंद. मग बटणासारखा तो सीआर२०३२ सेल काढून बायोसच्या (विंडोजच्या आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग उडवल्या. तेच. मग प्रोसेसरचा हीटसिंक काढायला हात घातला आणि तेवढ्यात सुबुद्धी झाली, एका मित्राला फोन लावला जो बोर्ड रिपेअरचंच काम करतो.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी हात बाहेर काढ त्यातून. स्वेटर काढ. आणि मला एक सांग, चालू केल्यापासून किती सेकंदांनी बंद होतो?"

"होतो रे दहा-वीस सेकंदांत."

"दहा का वीस? मोज आणि सांग."

मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं. तीन वेळा. तिन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखाच, पंधरा सेकंद आणि वर बायोसला जागं व्हायला लागतो तेवढा वेळ. तर तो म्हणाला की मेलेला बोर्ड असा घड्याळ लावून मरत नाही. शॉर्ट असेल तर एसएमपीएस लगेच, सेकंदाच्या आत कापतो, पंखा एक गिरकी मारून थांबतो. प्रोसेसर तापून बंद होत असेल तर पहिल्यांदा जास्त वेळ लागेल आणि लगेच परत चालू केलास तर कमी, कारण तो आधीच तापलेला. तुझं दर वेळी सारखंच आहे म्हणजे कुणीतरी ठरवून बंद करतंय. कोणीतरी म्हणजे बायोस. आणि बायोस ठरवून बंद करत असेल तर तो स्क्रीनवर कारण लिहीत असणार, आणि तू स्क्रीन दाखवणारं कार्डच काढून ठेवलंयस.

मी गप्प.

कार्ड परत लावलं, या वेळी मॉनिटर आधीपासून चालू ठेवला (पहिल्यांदा तो झोपेतून उठेपर्यंतच सगळं आटपत होतं), आणि दिसलं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ: यूएसबी डिव्हाइसवर जास्त करंट ओढला जातोय, नुकसान टाळण्यासाठी सिस्टिम १५ सेकंदांनी बंद होईल. दोन तास. दोन तास ती ओळ तिथे येऊन जात होती आणि मी रॅमला खोडरबर घासत होतो.

हा मेसेज आला की बहुतेकांना वाटतं मागे लावलेल्या कशात तरी घोळ आहे, म्हणून कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळं उपटून बघायचं, आणि ते करायलाच हवं कारण ते सगळ्यात सोपं आहे. ते मी केलं. मेसेज तसाच. मग उरतात कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट, त्यांच्यात काही लावलेलं नसलं तरी ते स्वतः एका केबलने बोर्डावरच्या नऊ पिनांच्या हेडरला जोडलेले असतात. प्लग काढून ती केबल उपसली, चालू केलं, विंडोज आलं. एवढंच. एक केबल.

आता इथे थांबायला हरकत नव्हती, पण काय मेलंय ते बघितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. मित्राने मल्टीमीटर घेऊन बसायला सांगितलं (या वेळी लाकडी टेबलावर, सुती शर्टात, आणि आधी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला हात लावून). पीसीचा प्लग काढलेला. पहिलं मोजमाप त्या उपसलेल्या केबलच्या टोकाशी, पाच व्होल्टची पिन आणि ग्राउंडची पिन यांच्यात कंटिन्यूइटी. बीप! म्हणजे पुढच्या पॅनेलमध्येच पाच व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेले. पॅनेल काढून बघितलं तर पोर्टच्या मागे एक छोटीशी पट्टी असते, तिच्यावर स्टॅटिकपासून वाचवायला एक तीळभर डायोड बसवलेला असतो. टीव्हीएस. त्याचं काम असं की व्होल्टेज वाढलं की क्षणभर वाट उघडून झटका ग्राउंडला पाठवायचा आणि परत मिटायचं. झटका त्याच्या ताकदीबाहेरचा असेल तर तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. तो मेला, पाच व्होल्ट शॉर्ट झाले, बोर्डाने ते ओळखलं आणि नीट कारण लिहून पीसी बंद केला. म्हणजे बघा, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं. डायोडने, बायोसने, एसएमपीएसने. मी सोडून.

बरं, टेबलावर ठेवलेला पीसी एवढा नाजूक का असतो, तर बाहेरचे पोर्ट हे खरं तर झटके खायलाच बनवलेले असतात. आयईसी ६१०००-४-२ नावाचं एक मानक आहे, त्यातल्या चौथ्या पातळीला धातूला टेकवून ८ किलोव्होल्ट आणि हवेतून १५ किलोव्होल्टचे झटके देऊन बघतात. पण झटका पचतो की नाही ते त्याला पळायला वाट कशी मिळते त्यावर असतं. मागचे पोर्ट पत्र्यात घट्ट बसलेले, त्यांचा धातूचा कोट सरळ कॅबिनेटला टेकलेला, झटका तिथूनच अर्थिंगला जातो. माझ्या कॅबिनेटचं तोंड प्लास्टिकचं. पुढच्या पोर्टच्या कोटाला ग्राउंड मिळतं ते त्या हातभर बारीक केबलमधूनच, म्हणजे झटक्याला जायला वाट एकच, आणि ती बोर्डावरून. त्यामुळे आता पेनड्राइव्ह मागेच लावतो. वाकावं लागतं. चालतं.

मग मित्र म्हणाला आता बोर्डाचं हेडर पण मोज, कारण डायोड मरायच्या आधी थोडं पुढे गेलेलं असू शकतं. ही पद्धत मला नवीन होती आणि फार आवडली, म्हणून सविस्तर लिहितो. मीटर डायोड मोडवर. लाल प्रोब ग्राउंडला, काळा प्रोब एकेका डेटा पिनवर, हो उलटं, लाल ग्राउंडला. आपण चिपच्या आतला जो संरक्षक डायोड असतो त्याच्यातून थोडासा करंट सोडून तिथे किती व्होल्ट पडतात ते बघत असतो. आकडा नेमका किती असावा याला तितकंसं महत्त्व नाही, साधारण ०.४ ते ०.७ च्या मध्ये कुठेतरी येतो, महत्त्व आहे शेजाऱ्यांशी जुळण्याला. हेडरवर दोन पोर्ट, म्हणजे डेटाच्या चार लाइन. माझे आकडे आले ०.५२, ०.५१, ०.५२ आणि चौथा ०.१८.

शून्य आला असता तर लाइन शॉर्ट, उघडा आला असता तर तुटलेली, दोन्हींत निकाल लागतो. ०.१८ म्हणजे गळतंय. अर्धमेलं. दुसऱ्या एका केबलने त्या जागी पेनड्राइव्ह लावून बघितला तर कधी दिसतो, कधी "डिव्हाइस ओळखता आलं नाही" आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३. शेजारचा पोर्ट मात्र ठणठणीत. मित्र म्हणाला हेडर आता वापरू नकोस, टेप लाव. लावली.

एसएमपीएसचं पण मनाच्या समाधानासाठी तपासून घेतलं. चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढायचा, हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला पेपरक्लिपने जोडायची, मग प्लग लावायचा, पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निदान चालू तरी होतोय. (काही नवीन एसएमपीएस लोड नसताना पंखा फिरवतच नाहीत, ते बघून गेला म्हणून फेकून देऊ नका.) मग मीटरने पिवळी तार १२, लाल ५, नारिंगी ३.३, आणि जांभळी म्हणजे ती स्टँडबाय ५. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ पर्यंत. माझ्या सगळ्या आत होत्या. अर्थात पेपरक्लिपवर चांगला दिसणारा एसएमपीएस लोड आला की मान टाकू शकतो, तेव्हा या टेस्टने तो निर्दोष सुटला असं नाही, जामिनावर सुटला एवढंच.

इव्हेंट व्ह्यूअर पण उघडून बघितला, तिथे लाल रंगात कर्नल-पॉवर ४१ अशा भरपूर नोंदी. यावर लोक रात्र रात्र डोकेफोड करतात. ती नोंद फक्त एवढंच म्हणते की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नाही. का, ते तिला माहीत नसतं.

मग बारा दिवस सगळं छान चाललं.

तेराव्या दिवशी ब्राउझर अचानक बंद पडला. लक्ष दिलं नाही. मग एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (म्हणजे आतला डेटा जुळत नाही), तीच फाइल परत उघडली तर व्यवस्थित. हे वाचून ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल, संशय रॅमवर. दोन दिवसांनी निळा स्क्रीन. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकला (मागच्या पोर्टला!) आणि रात्रभर लावून झोपलो, सकाळी स्क्रीन लालच लाल.

आता या वेळी मी शहाणा झालेलो. घाई नाही. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (जास्त स्पीडचं सेटिंग) बंद करून साध्या स्पीडवर परत चालवलं, कारण जास्त स्पीडमुळेही एरर येतात आणि त्यात रॅमचा दोष असेलच असं नाही. तरी एरर. मग एकच स्टिक ठेवून, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये. प्रत्येक वेळी पूर्ण फेऱ्या होऊ दिल्या, त्यामुळे हे सगळं चार रात्री चाललं. एरर स्टिकच्या मागे मागे गेला, स्लॉटच्या नाही. दुसरी स्टिक स्वच्छ. आणि त्या आजारी स्टिकमध्ये एरर दर फेरीत त्याच पत्त्यावर, त्याच बिटला. म्हणजे एक्सएमपी नाही, स्लॉट नाही, प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर पण बहुतेक नाही. स्टिक.

प्रश्न असा की तिला कुणी मारलं? ठिणगी पडली पुढच्या यूएसबीवर, रॅम तिथून बरीच लांब आणि मध्ये बरंच काही. मला वाटतं, आणि हे नुसतं वाटणं आहे, की ती मी मारली, त्या सतरंजीवर बसून, लोकरी स्वेटरात, सोनेरी पायांना बोटं लावून. अंगावर हजार-दोन हजार व्होल्ट असतील, चटका जाणवायच्या खालचे, आणि एखाद्या पायातून ते आत गेले असतील. स्टॅटिकमध्ये हे असं असतं, चिप तिथल्या तिथे मरतेच असं नाही, आतला थर अर्धवट दुखावतो, मशीन चालतं, टेस्ट पास होतात, आणि मग तापून, वापरून ती जखम हळूहळू उघडते. पण सिद्ध करू शकतो का? नाही. कारण त्याआधी मी त्या रॅमची टेस्ट कधी केलेलीच नव्हती. ती घेतली तेव्हापासून अशीच असेल आणि मी दोन वर्षांतले सगळे क्रॅश विंडोजच्या नावावर खपवले असतील, हेही तितकंच शक्य आहे. चिप कापून मायक्रोस्कोपखाली बघणारे लोक असतात, ते सांगू शकतात. आपण नाही. म्हणून कुणी छातीठोकपणे "स्टॅटिकनेच गेला" असं म्हणालं की मी विचारतो, आधीचं काही मोजमाप आहे का?

त्या पहिल्या दिवशीच्या फोनवर मित्राने अजून दोन गोष्टींवरून झापलं त्या पण सांगून टाकतो. एक, मी बोर्ड बाहेर काढून त्याच्या चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करायच्या बेतात होतो, कारण "अँटिस्टॅटिक" पिशवी ना. तर ती चंदेरी पिशवी वाचवते ती बोर्ड आत असताना, कारण तिच्यात धातूचा पातळ थर असतो आणि बाहेरचा चार्ज त्याच्यावरूनच फिरून जातो. तिचा पृष्ठभाग थोडासा का होईना करंट वाहून नेऊ शकतो, त्यावर चालू बोर्ड ठेवायचा म्हणजे शंभर टोकदार पायांखाली तो थर अंथरण्यासारखं. खोक्याचा कोरडा पुठ्ठा बरा. आणि गुलाबी पिशवी वेगळी, ती स्वतः चार्ज तयार करत नाही एवढंच, बाहेरचा झटका अडवत नाही. मी आत्तापर्यंत गुलाबी पिशवीत रॅम घालून निर्धास्त फिरलोय.

दुसरं, मनगटाचा पट्टा. माझ्याकडे पट्टा नव्हता म्हणून मी साधी तार मनगटाला गुंडाळून दुसरं टोक अर्थिंगला लावू का असं विचारलं, तर तो फोनवर केवढ्यांदा तरी ओरडला. पट्ट्याच्या तारेत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो तो उगाच नाही, चार्ज उतरायला तेवढी वाट पुरते, पण चुकून दुसरा हात मेनच्या लाइनला लागला तर करंट मिलिअँपिअरच्या आतच राहतो. साधी तार म्हणजे स्वतःला अर्थिंगला बांधून घेऊन विजेत हात घालणं. पट्टा नसेल तर स्वेटर उतरवा, एका जागी बसा आणि दर मिनिटाला रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. रंग लावलेल्या पत्र्याला लावून उपयोग नाही, रंग म्हणजे इन्सुलेटर.

आणि हो, अर्थिंगवरून आठवलं. बरेच जण म्हणतात माझ्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, स्टॅटिक आहे बहुतेक. स्टॅटिक एकदा टक् करतं आणि संपतं. सतत झिणझिण्या, बोट हलवलं की खरखर, अनवाणी असताना जास्त, हे स्टॅटिक नाही, हे तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही याचं लक्षण. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असतो त्यातले दोन कपॅसिटर लाइन आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की पत्रा त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे मेनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट छोटा असतो पण असं मशीन केबलने दुसऱ्या मशीनला जोडलं की पोर्ट जळतात, आणि मग नाव येतं स्टॅटिकचं. यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मेमटेस्ट चालवत बसू नका.

तर सध्या परिस्थिती अशी आहे की पीसी एका रॅमवर चालतोय, थोडा रडतो पण चालतो. खराब स्टिक खणात, वर मार्करने तारीख आणि बिटचा पत्ता लिहून. सतरंजी काढली, हीटरशेजारी पाण्याचं पातेलं ठेवतो, मॉनिटर काळा व्हायचा जवळजवळ थांबलाय. पुढच्या पॅनेलवरचा तो तीळभर डायोड अजून बदलला नाही, मित्र म्हणतो नुसता काढून टाकला तरी पोर्ट चालतील पण पुढचा झटका सरळ बोर्डावर, तेव्हा राहू दे.

आणि बॅकअप घेतलाय सगळ्याचा, दोन ठिकाणी. कारण रविवारी कॅबिनेट उघडलंच होतं धूळ काढायला तर हेडरवरची टेप काढून त्या चौथ्या लाइनवर परत मीटर लावून बघितला. दोनदा बघितला, प्रोब बदलून. ०.१४ झालाय.